डाऊन साइडचं विमान

विमानात आपल्याला उलटी होऊ द्यायची नाही, असं दिगंबररावांनी ठरवलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस विमानात पहिल्यांदाच बसणार होता. नागपूरला आसावरीच्या लेकीचं बारसं संध्याकाळी सहाला होतं. नातीला त्यांनी अजून फोनच्या काचेतूनच पाहिलेलं. त्यामुळे पहाटेपासून त्यांचा पाय घरात ठरत नव्हता.

"पुणे-नागपूर रेल्वेनं नऊशेच्या आसपास, विमानानं सहाशे! एक तास वीस मिनिटं! मग मधले तीनशे किलोमीटर जातात कुठे?"

"माळ्यावर बघा," अनसूयाबाई म्हणाल्या. (सकाळपासून हा प्रश्न चौथ्यांदा आला होता.)

कुरवंड्याचा केरबा सात वाजता जीप घेऊन दारात हजर झाला. "भाऊ, इमानतळ कंचा?"

"आपला डाऊन साइडचा," दिगंबरराव ऐटीत म्हणाले. पुणं म्हणायला काही त्यांची जीभ झिजत नव्हती; पण नोकरी सुटली तरी भाषा सुटली नव्हती.

मग त्यांनी उलटीची गोळी घेतली. एक विमानासाठी, आणि जीपसाठी वेगळी एक. अनसूयाबाईंनाही दिली. जीप चौकापर्यंत पोचायच्या आत दोघांच्या माना परस्परांच्या खांद्यावर पडल्या.

जाग आली ती हॉर्नच्या गोंगाटानं. घड्याळात पावणेदहा झाले होते. विमान अकराचं होतं.

"केरबा, तळेगाव गेलं का रे?"

"तळेगाव? भाऊ, पनवेल आलं की! घाटात लय ट्रॅफिक व्हतं."

"पनवेल?" दिगंबरराव उभेच राहिले. (जीपला टप होता, हे त्यांना तेव्हा कळलं.) "अरे, डाऊन म्हणालो होतो मी!"

"व्हय. मग घाट उतारलो न्हवं? डाऊन म्हंजी खालीच की!"

"मुंबईकडून निघते ती डाऊन! पुण्याकडे जाते ती डाऊन! मुंबईला जाते ती अप!"

"घाट उतरून खाली जाती, आन् ती अप?" केरबानं आरशातून अनसूयाबाईंकडे सहानुभूतीनं पाहिलं. "मावशी, यांनी एकतीस वर्सं पार्सलं कुटं धाडली वो?"

इथून मागे वळून अकराचं विमान गाठणं अशक्य होतं. दिगंबरराव रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालू लागले. बारसं, नात, सहा वाजता, असं पुटपुटत त्यांनी दोनदा चुकून दुसऱ्याच जीपचं दार उघडलं. अनसूयाबाईंनी मात्र फोन घेतला, थोड्या लांब गेल्या आणि लेकीशी बोलून परत आल्या.

"आसावरी बघून देतेय. नवी मुंबईहून एकचं विमान आहे. पण सीट एकच मिळतेय."

दिगंबररावांनी येरझाऱ्या थांबवल्या. चूक आपली होती. "तू जा," ते म्हणाले. आयुष्यातला तो त्यांचा सर्वांत मोठा त्याग होता आणि तो त्यांनी केरबाला घाटभर दोनदा सांगितला.

संध्याकाळी घरात एकट्यानं त्यांनी फोनच्या काचेतूनच बारसं पाहिलं. नात जांभई देत होती. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "प्रवासात एकटीला त्रास नाही ना झाला?"

"छे हो!" म्हणत अनसूयाबाईंनी फोन बाजूला ठेवला आणि त्या पाहुण्यांना सांगू लागल्या, "माझी अख्खी रांग रिकामी होती. एक तास वीस मिनिटं कुणी काही विचारलं नाही."

मागून आसावरीचा आवाज आला, "आई, फोन अजून चालू आहे!"