थांबवून ठेवलेला हत्ती

चौऱ्याण्णव सालच्या पाच जानेवारीला, बुधवारी, मोतीरामांनी एक छोटासा निर्णय घेतला : हत्तीला आज मारायचं नाही.

निर्णय छोटाच होता. हत्ती टीव्हीतला होता आणि त्याला मारायला एका बटणाचं काम होतं. पण घरातल्या वडील माणसाने छोटा निर्णय घेतला की तो निस्तरायला बाकीचं सगळं घर लागतं, हे मुकुंदवाडीत कुणालाही विचारा.

मोतीराम चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. वय त्रेपन्न. बायको चंपाबाई, आणि मुलगी मुक्ता. मुक्ता विद्यापीठात एम.ए. करत होती आणि घरात कुणाचं चुकत असेल तर ते त्याला लगेच सांगत होती. ब्याण्णवच्या दिवाळीत कारखान्याने कामगारांना भेट म्हणून दोनपैकी एक वस्तू निवडायला सांगितली : स्टीलचा डिनर सेट किंवा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. मोतीरामांनी व्हिडिओ गेम उचलला.

"घरात कॉम्प्युटरचं वातावरण पाहिजे," ते म्हणाले. "मुक्तासाठी."

(मुक्ताने त्या डब्याला चौदा महिन्यांत बोट लावलं नव्हतं. चंपाबाई पाहुण्यांना अजून जर्मनच्या ताटल्यांत वाढत होत्या.)

खेळाचं नाव जपानी होतं की चिनी, कुणालाच वाचता येईना. हातात मशाल घेतलेला एक बुटका माणूस गुहांमधून चालायचा, खांबांवर चढायचा, वटवाघळं चुकवायचा. मोतीरामांनी पाच मिनिटं बघितलं आणि "हे वेरूळ आहे," असं जाहीर केलं. तेव्हापासून खेळाचं नाव 'लेणी' पडलं आणि बुटक्याचं नाव 'आपला माणूस'. आपला माणूस उडी मारताना मोतीरामही खुर्चीतून चार बोटं वर उठायचे. तो दरीत पडला की ते पाणी प्यायचे.

लेणी एक झाली. लेणी दोन झाली. लेणी तीनमध्ये आपल्या माणसाचा म्हातारा बाप सापडला, त्या दिवशी मोतीरामांनी कारखान्यात पेढे वाटले. (कारण 'घरगुती' असं सांगितलं.) मग दसऱ्याला ते पैठण गेटच्या दुकानातून लेणी चारची कॅसेट घेऊन आले, आणि आले ते पडलेल्या चेहऱ्यानेच. दुकानदार त्यांना म्हणाला होता, "चाचा, ये आखरी है. इसके बाद कंपनी बनाएगीच नहीं."

"कायको?"

"कहानी खतम, चाचा."

त्या रात्री मोतीराम जेवले नाहीत. चंपाबाईंना वाटलं, कारखान्यात कुणी गेलं.

तर पाच जानेवारीला, सलग पाच तास खेळून, ते लेणी चारच्या शेवटच्या दारापाशी पोचले. दारात आठ सुळ्यांचा काळा हत्ती उभा होता. त्याच्या कपाळावर एकच घाव घालायचा बाकी होता. मोतीरामांचा अंगठा बटणावर गेला आणि तिथंच राहिला. हा घाव घातला की संपलं. आपला माणूस कुठं जाणार, काय करणार, कुणाला ठाऊक. त्यांनी दुसरं बटण दाबून खेळ थांबवला. हत्तीचा पाय हवेत, आपल्या माणसाची मशाल हवेत.

आता अडचण अशी की डबा बंद केला तर खेळ पुसला जायचा आणि पुन्हा पहिल्या गुहेपासून चालायला लागायचं. खूण करून ठेवायची सोयच त्यात नव्हती. टीव्ही बंद केला किंवा त्यावर बातम्या लावल्या तरी चालायचं, पण खालच्या डब्याचा तांबडा दिवा विझता कामा नये. आणि मुकुंदवाडीत लाईट दिवसाआड जायची.

मोतीरामांनी घरातले सगळे सेल गोळा केले. दोन बॅटरीतले, चार ट्रान्झिस्टरमधले. ते एकापुढं एक जोडून, टीव्हीमागे लाकडी पट्टीवर बसवून त्यांनी अशी व्यवस्था केली की लाईट गेली रे गेली की डबा सेलवर चालू राहील. (कारखान्यात मशीन बंद पडलं की त्यांना तीन तास लागत. हे काम त्यांनी चाळीस मिनिटांत केलं.)

दिवा विझला नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस.

"अवो, बंद करा की ते," चंपाबाई रोज म्हणायच्या. त्या उजव्या अंगठ्याला हळद लावत बसलेल्या असायच्या. थंडीत भाकरी थापून अंगठा दुखतो, असं त्यांचं म्हणणं. "तापून तापून घर पेटल एखांद्या दिवशी."

"पेटत नाय. मी इलेक्ट्रिशियन हाय."

"म्हनून तर भ्या वाटतं."

मुक्ताचा सूर वेगळा होता. "दादा, विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षं मोर्चे काढले ते तुम्हीच ना? तुम्हाला एक हत्ती मारवत नाही?"

हा घाव मोतीरामांना लागला, कारण तो बरोबर जागी बसला होता.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि तो नको असलेल्यांनी गावागावांत दलित वस्त्या पेटवल्या. त्यात मोतीरामांचं घरही गेलं. एक पत्र्याची पेटी, बायको आणि सहा वर्षांची मुक्ता घेऊन ते शहरात आले. तेव्हापासून एक मोर्चा त्यांनी चुकवला नव्हता. दोनदा जेलात गेले. डाव्या गुडघ्यावर लाठीची खूण होती, ती पाऊस यायच्या आधी दुखायची. कारखान्यात त्यांचा रजेचा अर्ज सोळा वर्षं एकच होता, फक्त तारीख बदलायची. साहेब न वाचता सही करायचा.

आणि आता नवीन वर्षात सगळीकडे एकच बोललं जात होतं, की यंदा होणार. मोतीरामांना आनंद होता. खूप होता. फक्त मधूनच, जेवताना वगैरे, त्यांचा हात थांबायचा. झालं म्हणजे संपलं. मग रजेच्या अर्जात काय लिहायचं? हे ते कुणाला बोलून दाखवू शकत नव्हते. मुक्ताला तर नाहीच. म्हणून ते हत्तीकडे बघत बसायचे.

चौदा जानेवारीला, शुक्रवारी, संक्रांत होती. दुपारपासून चौकाचौकांत पोलीस उभे राहिले, दुकानांची शटर खाली आली, आणि कुणीतरी मुंबईहून फोन आल्याचं सांगितलं : आज निकाल. साडेसहाला मोतीरामांच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं होती, कारण त्या ओळीत टीव्ही त्यांचाच. शेजारचा कचरू सगळ्यांत पुढे, टीव्हीला नाक लावून. समोरची द्वारकाबाई तिळगूळ घेऊन आली होती, पण निकाल लागेपर्यंत वाटणार नाही म्हणून डबा मांडीत धरून बसली होती.

"सरका जरा," मोतीराम टीव्हीपुढे हात पसरून उभे. "खाली वायरी हायेत. कुणी हात लावू नका."

"कशाच्या वायरी, मोतीरामभाऊ?"

"नाजूक हायेत."

सातला दहा कमी असताना लाईट गेली.

चाळीस माणसांनी एकदम "आऽऽ" केलं. बाहेर बघितलं तर सगळी मुकुंदवाडी काळी. कुणी विद्युत मंडळाला शिव्या दिल्या. कुणी म्हणालं, मुद्दाम घालवली. द्वारकाबाईने डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"रेडिओ!" कचरू ओरडला. "रेडिओवर बी सातला हायेत बातम्या! मोतीरामभाऊ, तुमचा ट्रान्झिस्टर कुठंय?"

फडताळावरून ट्रान्झिस्टर अंधारात हातोहात खाली आला. कचरूने बटण फिरवलं. काही नाही. त्याने मागचं झाकण काढून बोटं आत घातली.

"यात सेलच नाय की."

"नसतील," मोतीराम म्हणाले.

"दुकानातून आणतो."

"दुकानं बंद हायेत ना," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"मग बॅटरीतले काढा."

बॅटरी सापडली. तीही आतून रिकामी. मोतीराम छताकडे बघत होते, अंधारात छत दिसत नसलं तरी.

तेवढ्यात मुक्ताचा आवाज आला. शांत होता, आणि तिचा आवाज शांत असला की घरात पळापळ होत असे.

"दादा. लाईट गेलीय ना?"

"व्हय."

"सगळ्या वस्तीची?"

"व्हय की."

"मग हा दिवा कशावर लागलाय?"

चाळीस माणसांनी खाली बघितलं. सगळ्या काळोखात टीव्हीखाली एक तांबडा ठिपका टुकटुक जळत होता. डोळा मारल्यासारखा.

"ते..." मोतीराम म्हणाले. "ते तापलेलं असतंय. थंड होईस्तोवर लागतंय."

मुक्ताने टीव्हीमागे हात घातला. पण तिने काही ओढलं नाही. हाताने चाचपलं, मोजलं, आणि हात बाहेर काढला.

"सहा आहेत," ती म्हणाली. "चार लागतात. सातला चार कमी आहेत. दादा, तुम्हीच काढा."

कचरूला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं चाललंय एवढं कळून त्याने टोपी काढली.

मोतीराम खाली बसले. गुडघा कट्कन वाजला. सेल काढायचे हे ठरलेलंच होतं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सोळा वर्षं एका बाजूला आणि आठ सुळे दुसऱ्या बाजूला. पण आपला माणूस नऊ दिवस मशाल उगारून उभा होता, त्याला असं उभ्या उभ्या, बेसावध मारायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी अंधारात चाचपून खेळाचा हात, म्हणजे तो बटणांचा ठोकळा, उचलला, थांबवलेला खेळ पुन्हा सुरू केला, आणि न दिसणाऱ्या हत्तीवर एक घाव घातला. बसला की हुकला, टीव्हीच बंद, कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी एकामागे एक चार सेल काढले.

तांबडा ठिपका विझला. आता खोलीत खरंच काही दिसत नव्हतं.

कचरूच्या हातात ट्रान्झिस्टर खरखरला, शिट्टी वाजली, आणि बाईचा स्वच्छ आवाज आला. पहिलीच बातमी ती होती. विद्यापीठाचं नवं नाव तिने संपूर्ण उच्चारलं, सावकाश, बाबासाहेबांपासून विद्यापीठापर्यंत.

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. कचरू ओरडत रस्त्यावर पळाला, ट्रान्झिस्टर घेऊनच. द्वारकाबाईने अंधारात जे हात लागतील त्यांत तिळगूळ कोंबला. मोतीराम टीव्हीखाली बसून रडत होते. लोक येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवत होते, "सोळा वर्षं, मोतीरामभाऊ, सोळा वर्षं," म्हणत होते, आणि मोतीराम मान हलवत होते. त्यातलं किती कशासाठी होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुक्ता शेजारी येऊन बसली. तिने त्यांचा हात धरला. असा तिने दहावीच्या निकालानंतर धरला नव्हता.

"आता संपलं, बेटा," मोतीराम म्हणाले.

"काय संपलं? नुसतं नाव झालंय, दादा. होस्टेलला पाणी नाही. स्कॉलरशिप दोन वर्षं अडकलीय. सोमवारी आमचा मोर्चा आहे कुलगुरूंवर. तुम्हाला यायचंय, रजा टाका."

मोतीरामांनी डोळे पुसले. त्यांना एकदम फार बरं वाटलं. अर्जात फक्त तारीख बदलायची होती.

सव्वाआठला लाईट आली. माणसं रस्त्यावर नाचायला गेली होती, मुक्ताही. घरात मोतीराम आणि चंपाबाई दोघंच राहिले. डब्याचा दिवा आपोआप लागला. मोतीरामांनी टीव्ही बातम्यांवरून खेळावर फिरवला, तर आपला माणूस पहिल्या गुहेच्या दारात, नव्याकोऱ्या मशालीसह, उभा होता.

"चंपाबाई," मोतीराम जड आवाजात म्हणाले, "ह्या जन्मात मला एक कळणार नाय बघा. हत्ती मेल्यावर काय झालं असतं."

"काय व्हायचंय?" चंपाबाई भांडी गोळा करत म्हणाल्या. "दार उघडतंय. आत एक दिवा असतो, त्यो घेतो. दोन उड्या मारतो. अन् पुन्हा पयल्या गुहेत येऊन उभा ऱ्हातो. हा असाच."

मोतीराम बघत राहिले. "म्हणजे संपत नाय?"

"कुठं संपतंय? जरा वटवाघळं वाढत्यात."

"तुम्हाला काय माहीत?"

चंपाबाईंनी भांडी खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि खेळाचा हात उचलून हळद लावलेला अंगठा बटणावर बरोबर बसवला.

"दिवाळीपासून पाच येळा मारला त्यो हत्ती. तुम्ही सकाळपाळीला गेले की," त्या म्हणाल्या. "नऊ दिस झाले, तुमच्या त्या थांबवून ठेवण्यापायी मला हात लावाया मिळाला नाय. सरका आता तिकडं."