पदरानं काढलेली डिस्क

गोपिकाच्या लग्नाचे चार हजार फोटो दसऱ्याच्या सकाळी कायमचे गेले. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. नंदनवन वस्तीतल्या गणपतरावांच्या फोटो स्टुडिओत बशीतला चहा फुंकत बसलेल्या देवरावांनाही ते कुणी सांगितलं नव्हतं. देवराव म्हणजे गोपिकाचे वडील. उमरेडहून पहिल्या बसनं अल्बम न्यायला आलेले.

फोटो कॉम्प्युटरला जोडलेल्या एका डब्यातल्या चार डिस्कवर होते. अशी वाटणी, की एक मेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं आठवून सांगतात. दोन गेल्या, की उरलेल्या दोघींना काहीच आठवत नाही. दीड महिन्यापूर्वी एक गेली होती. "तिघी चालवून राहिल्या ना? मंग चौथी काहून पाहिजे?" म्हणत गणपतरावांनी सव्वा महिना काढला. शेवटी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या संघपालनं नवी डिस्क बसवली. तिघी तिला जुनं सगळं शिकवू लागल्या. शिकवणी दीड दिवसाची. "तोवर डब्ब्याले कोनी हात लावू नका," असं बजावून तो दीक्षाभूमीवर जाऊन आला.

आला तर पाटावर कॅमेरे, ट्रायपॉड आणि झेंडूच्या हारात शिकवणाऱ्या तिघींतली एक डिस्क. डबा केकाटत होता.

"काकू! हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"हात कुठं लावला गा? पदरानं काढली," गणपतरावांच्या बायको प्रेमिलाबाई म्हणाल्या. "आज दसरा. अवजाराले आराम नको? जिचा दिवा सगळ्यात जास्त लुकलुकून राहिला होता, तिलेच काढली. लय थकली होती बिचारी."

"काय झालं, भाऊ?" बशी हातात घेऊन देवराव आतल्या खोलीच्या दारात उभे.

"पूजा झाली," गणपतराव म्हणाले. चेहरा मात्र विसर्जनाचा.

"बाकीचे फोटो राहू द्या. मी हसलो तो एक द्या. गोपिकाची माय म्हनते, तीस वर्षांत तुमाले हसताना पायलं नाही. मी म्हनतो, लग्नात हसलो. पुरावा मागून राहिली."

संघपालनं लेन्सच्या ब्रशनं कुंकू झाडलं, अक्षता वेचल्या आणि डिस्क होती त्याच खणात सारली. कॉम्प्युटरनं विचारलं, ही मेलेली समजू की जिवंत? संघपालनं डोळे मिटून 'जिवंत' दाबलं.

डबा गप्प झाला. पडद्यावर देवराव आले. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गाल कानांपर्यंत.

"पाहा! हसलो होतो का नाही?" देवरावांनी पडद्यावर बोट ठेवलं. त्यांनी डब्याला हात जोडले, मग संघपालला, मग प्रेमिलाबाईंनाही. "तुमच्या पूजेनं पावलं, बाई."

पुढच्या फोटोत देवराव शिंकत होते. गणपतरावांनी तो गुपचूप पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादा फोटो जाणूनबुजून गमावला.

देवराव बसस्टँडकडे गेले, तशी गणपतरावांनी स्टुडिओचं लेटरहेड काढलं आणि डिस्कच्या कंपनीला लिहिलं:

"महोदय, आपल्या चारपैकी एका डिस्कचं अल्पशा आजारानं निधन झालं. उरलेल्या तिघींनी कुरकुर न करता सव्वा महिना तिचं काम ओढलं. आम्ही त्यांचे ऋणी आहोत. सबब, सदर तिघींना तेरा दिवसांची भरपगारी दुखवट्याची रजा मंजूर करून त्या काळापुरत्या तीन बदली डिस्क तातडीनं रुजू कराव्यात, ही नम्र विनंती."