कानाच्या गाद्या

सोपानरावांकडे चहा असा सरळ मिळत नसे. आधी हेडफोन डोक्यावर चढवायचा, रेडिओवरचं गाणं ऐकायचं आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, "बाई कुठं उभी हाय?"

"कुठली बाई?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "गाणारी, राव! दारात हाय का मोरीपाशी?"

पिंपरीतल्या आमच्या चाळीत ते माझे शेजारी. कंपनीत स्कूटरच्या सीटा शिवायचे. हेडफोन भंगारातून आणलेला, त्याच्या कानावरच्या गाद्या कधीच झडून गेलेल्या. सीटांचे उरलेले तुकडे कापून ते नव्या गाद्या शिवत आणि दर गादीला आमची परीक्षा घेत. रेक्झिन लावलं की गाणारी अगदी कानाशी येऊन बसे, पण दाबानं कान दुखून येत. जाड फोम लावला की कानाला सुख, पण "बाई पार देहूरोडला गेली की!" माझ्या बायकोचा मखमली ब्लाउजही या संशोधनात कामी आला. ढोलकी गोड झाली. मला मात्र बरेच दिवस अळणी आमटी मिळाली.

अशात त्यांच्या लेकीला, मंगलला, पुण्याच्या रेडिओ केंद्रावर ओव्या म्हणायचं बोलावणं आलं. आमच्या चाळीची पोरगी रेडिओवर! मीच कंपनीभर सांगत सुटलो. सोपानराव मात्र घाईला आले. रविवारी कार्यक्रम, त्याच्या आत गादी जमायलाच हवी होती.

"अहो, रेडिओ मोठा लावा की," मी म्हणालो.

"तुमास्नी पुरंल. हिला न्हाई पोचत."

त्यांच्या बायकोला, गंगावहिनींना, टायफॉइडनंतर फार कमी ऐकू येई. हेडफोन घट्ट बसला तरच आवाज पोचे, आणि घट्ट बसला की कान ठणकत, मग त्या तो काढून ठेवत. इतके दिवस हा माणूस आमचे कान उसने घेऊन बायकोसाठी गादी शोधत होता.

शेवटी जमली. बाहेरून रेक्झिनची कड, कानाशी मखमल, मध्ये बेताचा फोम.

रविवारी सगळी चाळ माझ्या रेडिओभोवती गोळा झाली. सोपानराव आले नाहीत, म्हणून मी बोलवायला गेलो. वहिनी हेडफोन लावून डोळे मिटून बसल्या होत्या. पिन खोचली की त्यांचा रेडिओ बाहेर मुका होई, त्यामुळे खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं.

"चला की! लेकीचं गाणं ऐकायचं नाही?"

"हिला एकटीला सोडून?"

तेवढ्यात वहिनींचा चेहरा उजळला. ओव्या त्यांनीच शिकवलेल्या. त्या लेकीबरोबर म्हणायला लागल्या, खणखणीत आणि चांगल्याच बेसूर. आपला आवाज केवढा चढलाय, हे त्यांना कळत नव्हतं.

मला माझ्या खोलीत परत जावंसं वाटेना. मी उंबऱ्यावर टेकलो.

सोपानराव बायकोकडे बघत ताठ बसले होते. डोळे भरलेले, मान वर.

"ऐका, राव," ते हळूच म्हणाले, "आमची मंगल गातीया."