विमलमावशीचा रहाट

"नळातून! नळातून येतं म्हणतो मेला! अरे, मग नळात कुठून येतं?"

विमलमावशी ओरडत होती. समोर माणूस नव्हता, लॅपटॉप होता. पण मावशी ओरडली की समोर काय आहे याला महत्त्व नसतं. झाडावरचे कच्चे चिकू जागच्या जागी पिकतात आणि तिकडे विवळवेढ्याच्या देवीला वाटतं, यंदा जत्रा लवकर भरली. मी कुंपणाला कुंपण लावून राहतो. माझे कान केव्हाच कामातून गेलेत, म्हणून हे सगळं इतक्या शांतपणे सांगू शकतो.

ज्याच्यावर ती ओरडत होती तो तोमास पोलंडमध्ये बसला होता. त्याने उठून खिडकी लावून घेतली असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. आमच्या सात चिकूवाड्यांत मिळून विहीर एक. विहिरीवर पाण्यापेक्षा भांडणं जास्त निघायची. मावशी गणिताची मास्तरीण. निवृत्त झाल्यावर इतर बायका लोणची घालतात. ही कॉम्प्युटर शिकली आणि पाण्याचे नंबर लावणारा प्रोग्राम लिहून मोकळी झाली. नाव ठेवलं 'रहाट'. रोज सकाळी सातही घरांच्या फोनवर निरोप येतो, आज कुणी कधी पाणी घ्यायचं. कुणाला जास्त हवं असेल तर त्याने आदल्या संध्याकाळी फोनवरून मागायचं. रहाट ते देतो. भांडणं बंद झाली. इतकी बंद झाली की आमचे बाबूभाई कंटाळून स्वतःच्या पंपाशी भांडायला लागले.

मग मावशीच्या डोक्यात आलं, रहाट जगाला उघडा करायचा. म्हणजे प्रोग्रामचं आतलं सगळं इंटरनेटवर मांडून ठेवायचं. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी, घ्यायची की नाही ते मावशी ठरवणार. जगभर असं चालतं म्हणे. पण जगात कुणी घातली नसेल अशी एक अट मावशीने घातली. दुरुस्ती पाठवणाऱ्याने आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: तुमच्या घरी पाणी कुठून येतं?

"मावशी, लोक पळून जातील," मी म्हणालो.

"जाऊ देत की! ज्याला स्वतःच्या तांब्यातलं पाणी ठाऊक नाही, तो आमच्या विहिरीला काय हात लावणार?"

लोक पळाले नाहीत. पुण्याच्या एकाने लिहिलं, टँकरने. मावशीने विचारलं, टँकर कुठून? त्यानंतर तो गडप झाला. माझ्या अंदाजाने तो अजून टँकरच्या मागे फिरतो आहे. तलासरीच्या एका पोरीने लिहिलं, "टेकडीखालच्या झऱ्यातून, आईच्या डोक्यावरून." मावशीने तिची दुरुस्ती न वाचताच घेतली. सकाळी सगळ्यांना एकाच वेळचा नंबर आला तेव्हा कळलं की ती साफ चुकली होती. दुसऱ्या कुणाची मावशीने सालं काढली असती. या पोरीला फोन लावून बसली, शिकवलं, तिच्याकडूनच बरोबर करून घेतलं आणि आम्हालाच दम भरला, "एक दिवस झाडं तहानली तर मरत नाहीत!"

आणि तोमास? तो सायकल काढून नळाच्या उगमाला निघाला. काही दिवसांनी त्याने फोटो पाठवला. फोटोत तळं, तळ्यात बदकं, काठावर नखशिखान्त भिजलेला तोमास.

"हा ओला कसा?"

"खात्री करायला उतरला असेल," मावशी म्हणाली. "असाच माणूस पाहिजे." त्या दिवसापासून तो तोमासभाई झाला.

यंदा ऐन चैत्रात मावशीच्या गुडघ्याने दगा दिला. ऑपरेशन वापीला ठरलं. उन्हाळ्यात विहीर रोज उतरते, तसतसा रहाट रोज जुळवावा लागतो, आणि रहाटाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त मावशीकडे. ती आडवी पडली की रहाट थांबणार. रहाट थांबला की आम्ही सातही घरं पुन्हा विहिरीवर, हातात फावडी घेऊन.

मावशीच्या ओट्यावर बैठक भरली. किल्ली कुणाला द्यायची? मी नाव सुचवलं की बाबूभाई हरकत घ्यायचे, बाबूभाईंनी सुचवलं की बाकीचे सगळे. शेवटी मावशीने जाहीर केलं, "तोमासभाईला."

बाबूभाई उभेच राहिले. "विमलबेन, पोलंडचा माणूस आपल्या विहिरीचं पाणी वाटणार? उद्या सरपंच चंद्रावरून आणा!"

"त्याचं इथे एक तरी झाड आहे?"

"नाही."

"कुणी मेहुणा, साडू?"

"नाही, पण..."

"मग बसा खाली. एवढा निर्मळ माणूस आपल्या अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही."

बाबूभाई बसले. मी रोज विहिरीत दोरी सोडून पातळी कळवायची, तोमासने जुळवायचं, असं ठरलं. मावशी वापीला गेली. जाताना तिने लॅपटॉपवरून तोमासला किल्ली धाडली म्हणे. पण हे मी पाहिलं नाही, मी तिची पिशवी उचलत होतो. तिच्यात खलबत्ता होता असं वजनावरून वाटलं.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग एका सकाळी निरोप आला, त्यात सर्वांत वर नाव: विमलमावशी, पहिला नंबर.

मी ते दोनदा वाचलं. हे नाव निरोपात मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं नव्हतं हेही तेव्हाच कळलं, कारण तिथे प्रत्येक जण फक्त आपलं नाव शोधतो. तिची झाडं करपलेली दिसायची तेव्हा आम्ही म्हणायचो, म्हातारी दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली, झाडांकडे बघतंय कोण.

मी डबा घेऊन वापीला पोचलो तेव्हा खाटेवरून मावशीची तोफ पोलंडवर सुरू होती. नर्सबाई दारात हात जोडून उभी.

"कुणाला विचारून माझं नाव घातलंस?"

तोमासचा आवाज मवाळ होता. "मावशी, मी आतलं सगळं वाचलं. कुणी जास्त पाणी मागितलं की ते तुमच्या वाट्यातून कापलं जातं. आणि कुणी ना कुणी रोज मागतंच. मला वाटलं, चूक आहे."

"चूक नाही ती! मी लिहिलंय तसं!"

"का?"

तोफ बंद पडली. नर्सबाई घाबरून नाडी बघायला पुढे आली.

"दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं रे?" ती म्हणाली. आवाज इतका लहान की पोलंडपर्यंत पोचला की नाही, देव जाणे. "एकदा नाही म्हटलं की माणूस परत येत नाही. मी एकटी आहे तिथे."

मी डब्याचं झाकण उगाच उघडलं आणि लावलं.

मग मावशीने डोळे पुसले, फोन कापला आणि लगेच दुसरा लावला. सुरुवातीपासून सगळ्यांत जास्त पाणी मागणारा माणूस एकच होता, आणि तो मावशीला बरोबर ठाऊक होता.

"बाबूभाई! निरोप चुकीचा आहे! माझ्या वाडीकडचा कॉक कुणी उघडायचा नाही!"

"उघडला मी. सकाळीच."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबूभाई म्हणाले, "नंबर तुमचा होता."