टेकडीबाईंचा एक दिवसाचा खंड

नगरपरिषदेच्या विरंगुळा केंद्रात स्वस्थ बसण्याचा वर्ग घ्यायला दर मंगळवारी आणि शुक्रवारी गावाबाहेरची टेकडी येत असे. सकाळी ती केंद्रामागच्या मैदानात बसलेली दिसे आणि जेवणवेळेला परत आपल्या जागी गेलेली असे. येता-जाताना तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. चालताना कोणी बघितलेलं तिला आवडत नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या वेळी स्टँडपासून केंद्रापर्यंतची माणसं थोडा वेळ पाठ करून उभी राहत. चहावाला पाठ करूनच चहा गाळायचा.

आता गावात एवढी रिकामी माणसं असताना प्रशिक्षक बाहेरून कशाला, असं कोणी विचारेल. त्याला कारण आहे. गावातला माणूस नेमला की तो हमखास कुठल्या ना कुठल्या नगरसेवकाचा मेहुणा निघतो. दोन-तीन वेळा पोळल्यावर ठरावच झाला, की केंद्रातले सगळे वर्ग हद्दीबाहेरच्यांकडून कंत्राटावर घ्यायचे. हार्मोनियमचे गुरुजी शेजारच्या तालुक्यातून यायचे, भरतकामाच्या बाई त्याहून लांबून. बसण्याच्या वर्गासाठी तिघे आले. एक गृहस्थ शहरातून चटई आणि स्पीकर घेऊन आले आणि बसण्याच्या फायद्यांवर उभ्यानेच बोलले. दुसरे निवृत्त हेडमास्तर. ते बसले खरे, पण बसल्या बसल्या घोरायला लागले. तिसरी टेकडी. ती नुसती बसली. निवड समिती तिच्यासमोर बसली, ती थेट शिपाई कुलूप लावायला आला तेव्हाच उठली. मग चर्चेला काही उरलंच नाही.

सगळे तिला टेकडीबाई म्हणत. वर्गात नुसतंच बाई.

हे कंत्राटाचं काम समाजविकास शाखेतल्या शैला उंबरकरकडे होतं. शैला पन्नाशीला आलेली, नाकासमोर चालणारी बाई. घरी ती आणि तिचे वडील अण्णा, दोघंच. अण्णा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी चालत्या गाडीत उभ्याने काढली, तरी बायको होती तोवर घरी आल्यावर दोन घटका टेकायचे. ती गेली आणि अण्णांच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. जेवायचे तेही ताट हातात घेऊन चालत. शैला जमिनीवर पाट मांडून एकटी जेवायची आणि तिच्यासमोरून अण्णांचे पाय जायचे-यायचे.

"अण्णा, दोन घास तरी बसून खा हो."

"अगं, बसलो की काहीतरी सुटेल असं वाटतं."

काय सुटेल ते त्यांनाही सांगता येत नसे. शैलाला आई गेल्याचं दुःख होतंच, पण घरात एक माणूस असून ताटासमोर एकटं बसायचं, याचं दुःख तिला जास्त होतं.

तिने अण्णांचं नाव वर्गात घातलं. सुरुवातीला ते बाईंभोवती नुसते फेऱ्या मारायचे. बाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलायच्याच कमी, आणि बोलल्या तरी प्रश्न विचारणारा तोवर दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. एका शुक्रवारी फेरी मारता मारता अण्णा थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि बसले. त्या संध्याकाळी ते शैलाच्या समोर पाटावर बसून जेवले. "आमटीत मीठ कमी झालंय गं," म्हणाले. शैला मीठ आणायला म्हणून आत गेली आणि पदरात तोंड घालून रडली. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सगळं असं छान चाललं होतं, तोवर अकरा महिने संपत आले.

"उंबरकर मॅडम," मुख्याधिकारी दाभोळे साहेबांनी तिला बोलावून विचारलं, "टेकडीचा करार संपतोय. खंड दिलात का?"

नगरपरिषदेत कंत्राटी माणसाला सलग ठेवत नाहीत. अकरा महिने झाले की एक दिवसाचा खंड द्यायचा, त्या दिवशी त्याने ते काम करायचं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून नवा करार. नाहीतर माणूस कोर्टात जातो आणि मला कायम करा म्हणतो.

"दिला की साहेब. त्या दिवशी बाई मैदानात येणार नाहीत. घरीच असतील."

"घरी काय करतील?"

"बसतील."

"मग काम चालूच राहिलं की! हार्मोनियमवाले खंडाच्या दिवशी पेटीला हात लावत नाहीत. टेकडी बसून राहिली, म्हणजे सेवा सलग झाली. उद्या कोर्टात गेली तर?"

"साहेब, टेकडी कोर्टात कशाला जाईल?"

"विरंगुळा केंद्रात येते ना? कोर्ट त्याच्या अलीकडेच आहे."



दाभोळे साहेब काही वाईट माणूस नव्हते. शुक्रवारी जमेल तेव्हा तेही मागच्या रांगेत येऊन बसायचे. पण लेखापरीक्षणाला उत्तर त्यांना द्यायचं होतं. "एक दिवस त्यांनी बसायचं नाही," ते म्हणाले. "फिरू दे, पाहुण्यांकडे जाऊ दे, काहीही करू दे. नाहीतर नवा करार नाही. वर्ग बंद."

वर्ग बंद म्हटल्यावर शैलाला अण्णांचे पाय दिसायला लागले. बुधवारी रजा टाकून ती गावाबाहेर टेकडीवर गेली. तिथे बिरूमामा शेळ्या चारत होता. मंगळवारी-शुक्रवारी तोही शेळ्यांसकट मैदानात येत असे, कारण टेकडी निघाली की वरच्याला उतरायला वेळ मिळत नसे. शैला एका दगडावर टेकली आणि सगळं सांगितलं.

बिरूमामाने दिलेला चहा पिऊन झाला, तेव्हा कुठे बाई बोलल्या. "बसायचं नाही?"

"एकच दिवस, बाई."

"वर्गापुरती घटकाभर गेले तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण दिवसभर उठले की जागा मोकळी पडणार. मोकळी जागा दिसली की लोक चुन्याची फक्की टाकून प्लॉट पाडतात. शेजारच्या माळाचं तेच झालं. तो लग्नाला म्हणून गेला होता."

"मग आता कुठे असतो तो?"

"असतो इकडेतिकडे."

बिरूमामाने मान हलवली. माळाबद्दल त्यालाही वाईट वाटत होतं.

"कोणीतरी जागा धरून बसलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "आणि मध्ये उठून चालायचं नाही. उठला की गेली."

शैलाच्या मनात एक नाव आलं होतं. ते तिला उच्चारायचं नव्हतं. बिरूमामाला शेळ्यांमागे धावावं लागतं. वर्गातले बाकीचे म्हातारे घटकाभराने गुडघे चोळत उठतात.

"तुमचे अण्णा बसतील," बाईच म्हणाल्या. "चांगले बसतात. माझ्या वर्गात असा दुसरा नाही."

आता खोटं कशाला सांगा, शैलाला अभिमान वाटला. पोरगं वर्गात पहिलं आलं की आईबापाला वाटतं तसा. त्या अभिमानातच तिने हो म्हटलं. मग उतरायला लागल्यावर तिने वळून विचारलं, "बाई, संध्याकाळपर्यंत याल ना?"

"येईन की," बाई म्हणाल्या. शैला खाली सडकेला पोचली तेव्हा पुढचं वाक्य आलं. "केंद्रापलीकडे चालायची फार सवय नाही राहिली. एकदा लांबवर निघालं की थांबायचं कुठे, ते नीट आठवत नाही. पण जागा धरलेली असली की परत येता येतं."

अण्णांना पटवावं लागलं नाही. ते एकदम हुशारले. "जागा धरायची म्हणजे माणूसच पाहिजे," म्हणाले. "आयुष्यभर लोक खिडकीतून रुमाल टाकायचे आणि माझ्याशी भांडायचे. मी म्हणायचो, रुमाल कोणाचा ते सोडा, माणूस कुठाय? माणूस बसलेला असला की मग कोणाच्या बापाची हिंमत नाही उठवायची."

खंडाच्या सकाळी सगळं गाव पाठ करून उभं राहिलं, आणि वळून बघितलं तर टेकडी नव्हती. तिच्या जागी ओल्या मातीचं एक मोठं उघडं वर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध घोंगडी घालून अण्णा बसले होते. ऊन चढल्यावर मोटरसायकलवरून दोघंजण फक्कीची पिशवी घेऊन आलेच.

"आजोबा, जागा कोणाची?"

"बाईंची. मी धरलीय."

"बाई कुठायत?"

"खंडावर आहेत. नगरपरिषदेच्या."

सरकारी काम आहे म्हटल्यावर ते दोघं थोडं घुटमळले आणि पिशवी घेऊन परत गेले.

संध्याकाळी बाई आल्या नाहीत. गावाने दोनदा पाठ करून पाहिली. शेवटी दिवेलागणीला शैला अण्णांना न्यायला आली.

"अण्णा, चला घरी. उद्या सकाळी परत येऊ."

"उठलो तर जागा गेली, शैला."

"जाऊ दे गेली तर! टेकडी गेली तर गेली!" ती ओरडलीच. "एवढ्या वर्षांनी तुम्ही माझ्यासमोर बसून जेवायला लागलात. मला टेकडी नको होती अण्णा, मला तुम्ही हवे होतात."

अण्णांना तिचं बोलणं कळलं होतं. "मी उठलो," ते म्हणाले, "तर पुन्हा बसेन की नाही, मला भरवसा नाही गं."

शैलाने घरी जाऊन डबा आणला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. एसटीच्या ड्रायव्हरांकडून अधूनमधून खबर यायची. नदीपलीकडे दिसल्या, मजेत होत्या. रेल्वे फाटकाला थांबल्या होत्या. पाठ करायला हवी होती, पण हातात स्टिअरिंग होतं, असं ड्रायव्हर ओशाळून सांगायचे. परत निघाल्यात असं मात्र कोणी सांगितलं नाही.

मंगळवारी वर्गातले म्हातारे मैदानात जमले, थोडा वेळ मोकळ्या जागेकडे बघत राहिले आणि मग चालत चालत अण्णांकडे गेले. त्यांच्यासमोर बसले. वर्ग चांगला झाला. दाभोळे साहेबही येऊन बसून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शैलाला बोलावलं.

"नवा करार त्र्यंबक उंबरकरांच्या नावाने करा."

"साहेब, ते माझे वडील आहेत. नात्यातला माणूस..."

"राहतात कुठे?"

शैला थांबली. घरी राहतात, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. "हद्दीबाहेर," ती म्हणाली.

"मग काही हरकत नाही."

तिने करार टाईप केला. वडिलांच्या पत्त्याच्या रकान्यात स्वतःच्या घराचा पत्ता नाही, हे तिला टाईप करताना फार लागलं. पण करार बिनचूक झाला.

मग एक दिवस बिरूमामा म्हणाला, "ताई, अण्णा जरा उंच झाल्यात."

"बसलेला माणूस उंच कसा होईल मामा?"

"मी तरी तेच म्हणतोय."

शैलाने नीट पाहिलं. आधी ती वाकून अण्णांच्या हातात डबा द्यायची. आता उभ्यानेच देत होती. पुढे हात वर करावा लागला. मग टाचा उंचवाव्या लागल्या. घोंगडीच्या कडेने गवत आलं होतं आणि बिरूमामाच्या शेळ्या आपणहून तिकडे जायला लागल्या होत्या. भूमापनवाले कर्मचारी येऊन माप घेऊन गेले. जुन्या नकाशात तिथे टेकडी होतीच, त्यामुळे त्यांना काही दुरुस्ती करावी लागली नाही.

आता शेळ्यांनी पाडलेली पायवाट आहे. तिने वर जाताना शैलाला धाप लागते, मध्ये एकदा थांबावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत ती वर पोचते, अण्णांच्या शेजारी बसते आणि डबा उघडते. वारा चांगला असतो. तिथून केंद्राचं मैदान दिसतं, न्यायालयाची इमारत दिसते, पलीकडे स्टँड. दोघं जेवतात. घास तोंडात घालायला अण्णांना हल्ली वेळ लागतो, पण शैलाला घाई नसते. साहेब तिला उशिराबद्दल बोलत नाहीत.

परवा तिने विचारलं, "अण्णा, अकरा महिने झाले की तुमचाही खंड येईल. मग घरी याल?"

अण्णा घास चावत राहिले. भाकरी संपली. तिने डबा आवरला, त्यांच्या गुडघ्यावरची माती हाताने झटकली, थोडी राहिली ती राहू दिली.

"येते मी," ती म्हणाली.

ती अर्धी वाट उतरून आली तेव्हा वरून आवाज आला, "सावकाश उतर गं."