माफीला कावळा शिवेना

राज्यपालांनी दिलेली माफी कावळा शिवल्याशिवाय लागू होत नाही. पूर्वी होत असे. पण खुनी माणसं पेढे वाटत घरी यायला लागली, तेव्हा विधानसभेने कायदा केला. गुन्हा गंभीर असेल तर माफीचा हुकूम विधानभवनाच्या पायरीवर ठेवायचा, त्यावर मेलेल्याच्या घरचा भात, आणि दिवस मावळेपर्यंत वाट पाहायची.

त्या दिवशी भात हौसाबाई शेवाळेंनी आणला होता. त्यांच्या दिगंबरला मंत्र्यांच्या मेहुण्याने भोसकलं होतं. समोरच्या गुलमोहरावर कावळा येऊन बसला आणि हौसाबाईंना वाटलं, हा शिवणार. दिगंबर भारी भिडस्त. जन्मात कुणाला नाही म्हणाला नव्हता. त्यातून भूक त्याला जराही सोसत नसे, आणि भातावर त्यांनी सवयीने तूप वाढलं होतं. काय अवदसा आठवली मला, असं त्यांना आता होत होतं.

राज्यपालांचे सचिव कुलथे झाडाकडे बघून हात जोडून म्हणाले, "दिगंबरराव, धाकट्या भावाला नोकरी लावू."

कावळ्याने मान वाकडी केली.

"चौकाला तुमचं नाव देऊ."

कावळा खालच्या फांदीवर आला.

"आईंना पेन्शन देऊ. तहहयात!"

कावळा पायरीवर उतरला. भाताजवळ आला. हौसाबाईंना राहवेना.

"दिगू, माझ्यासाठी नको रे शिवूस!"

"बाई, नातेवाइकांनी बोलायचं नसतं," कुलथे खेकसले. तोवर कावळा परत झाडावर गेला होता.

ऊन कलायला लागलं. कुलथेंनी खिशातून गवताचा, दर्भाचा कावळा काढला. "दहाव्याला खरा शिवला नाही की हाच लावतात. इथे का चालू नये?"

विधानसभेच्या वतीने बसलेल्या आमदार इंदूताईंचा चेहरा पडला. "कायद्यात नुसतं कावळा म्हटलंय," त्या म्हणाल्या. "कशाचा, ते लिहायचं राहून गेलं."

कुलथेंनी दर्भाचा कावळा भाताकडे नेला. हौसाबाईंनी डोळे मिटले. कावळा कुलथेंच्या हातून उडाला आणि गुलमोहरावर दिगंबरशेजारी जाऊन बसला.

सूर्य मावळला. 'दोन्ही कावळे हजर, स्पर्श नाही,' असा शेरा कुलथेंनी मारला. हौसाबाईंनी भाताखालचा हुकूम ओढून काढला, त्यांच्या हातात दिला आणि सांडलेली शितं गोळा करून भात नीट केला.

"आता जेव बाबा," त्या म्हणाल्या. "आणि त्यालाही बोलाव."

दोघेही खाली उतरले.