त्रेचाळीस गुणांचा पश्चात्ताप

व्हर्जिल टेनब्रूकने ओटमीलचा वाडगा बाजूला सारला, चष्मा कपाळावर चढवला आणि बायकोला गंभीरपणे म्हणाला, "मार्लीस, काल तुम्ही सगळ्यांनी मिळून फार मोठी चूक केलीत. जिंकलात."

मार्लीस तव्यावरचं अंडं उलटत होती. तिचा घसा पार बसला होता. आदल्या संध्याकाळी एल्म फोर्ड कॉलेजच्या मुलींनी बास्केटबॉलमध्ये नदीपलीकडच्या मॅककिटरिक कॉलेजला तब्बल त्रेचाळीस गुणांनी लोळवलं होतं, आणि संघाची सहायक कोच असलेली मार्लीस वयाच्या बावन्नाव्या वर्षी खुर्चीवर चढून नाचली होती. गावाला हे मुळीच गैर वाटलं नव्हतं. मॅककिटरिकशी एल्म फोर्डचं साठ वर्षांचं वैर होतं. त्यांचा रंग जांभळा, म्हणून एल्म फोर्डमधली माणसं वांगीसुद्धा पिशवीच्या तळाशी लपवून घरी नेत.

"सकाळी सकाळी काहीतरीच काय बोलतोस?" मार्लीस घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मी नाही बोलत, आकडे बोलताहेत." व्हर्जिल पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला होता आणि आता शिकवायला घरात एकच विद्यार्थिनी उरली होती. "आपल्या वेळापत्रकाचा कस, म्हणजे आपले प्रतिस्पर्धी किती तगडे त्याचा क्रमांक, काल देशात एकशे बारावा होता. आज एकशे पन्नासावा."

"जिंकून खाली कसे जाऊ?"

"अगं, राष्ट्रीय स्पर्धेची निवड समिती नुसतं किती जिंकलात ते बघत नाही. कुणाला हरवलंत ते बघते. आणि ज्यांना हरवलंत, ते बाकी कुणाकुणाला हरवतात तेही बघते. मॅककिटरिक नऊपैकी सात सामने हरलेत. असल्या संघाला हरवून तुमची पत वाढते होय? उलट ते जितके हरतील, तितके तुम्ही खाली."

मार्लीसचं अंडं करपलं. तिला मागचा मार्च आठवला. एल्म फोर्डने बावीस सामने जिंकले होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेची यादी लागली तेव्हा त्यांची जागा सतरा सामने जिंकणाऱ्या एका संघाला मिळाली होती. का, तर त्यांचे प्रतिस्पर्धी तगडे होते. त्या दिवशी ओडेसा ग्राइम्स या सहा फुटी पोरीने रडारड केली नाही की आदळआपट केली नाही. ती फक्त म्हणाली, "कोच, अजून एक वर्ष आहे ना?" आता तेच वर्ष चालू होतं आणि ते शेवटचं होतं. ओडेसाला एकदा तरी त्या स्पर्धेत खेळलेलं बघायचं, यापलीकडे मार्लीसला या मोसमात काही नको होतं.

आणि वेळापत्रक मार्लीसच करायची! वसंतात फोनवर फोन करून तिने यंदा एकाहून एक अवघड सामने ठरवले होते. मॅककिटरिकने तर मागच्या वर्षी चोवीस सामने जिंकले होते, म्हणून सामन्याच्या करारावर त्यांची सही मिळाल्यावर ती शीळ घालत घरी आली होती. फक्त एक गोष्ट बघायची राहिली. त्यांच्या पाचही मुख्य खेळाडू शेवटच्या वर्षाला होत्या. मे महिन्यात त्यांनी पदव्या घेतल्या, टोप्या उडवल्या आणि गेल्या. मागे उरल्या त्या नवख्या पोरी आणि एकोणतीस वर्षांची एक नवी कोच.

पुढच्या दोन आठवड्यांत मॅककिटरिक आणखी चार सामने हरले. व्हर्जिल रोज सकाळी आकडा सांगायचा आणि मार्लीस रोज अंडं करपवायची. एकशे सत्तर. एकशे चौऱ्याण्णव.

"यावर उपाय काय?" शेवटी तिने विचारलं.

"एकच. मॅककिटरिक जिंकायला हवेत."

"हे नाव या घरात जेवताना घ्यायचं नाही, असं तूच ठरवलं होतंस."

"मग जेवण झाल्यावर घेऊ," व्हर्जिल म्हणाला.

जानेवारीतल्या एका दुपारी मार्लीसने दालचिनीचे बारा रोल भाजले, डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि बर्फातून गाडी काढून पूल ओलांडला. मॅककिटरिकच्या व्यायामशाळेत टेसा कोवालचिक, म्हणजे तीच नवी कोच, एकटीच बाकावर बसून आपल्याच पराभवाचं चित्रण बघत होती. एल्म फोर्डचं हिरवं जाकीट दिसताच ती ताडकन उठली.

"हसायला आलात?"

"नाही गं. तुम्ही जिंकावं म्हणून आले."

"तुम्ही? एल्म फोर्डच्या? का बरं?"

मार्लीसला खोटं बोलायची सवय नव्हती. "कारण आम्ही तुम्हाला हरवलंय."

टेसाने जरा विचार केला. कोच असल्यामुळे गणित तिलाही कळत होतं. "म्हणजे आम्ही बाकीच्यांना हरवलं, की आम्हाला हरवण्याला किंमत येणार. असंच ना?"

"तसंच म्हण."

"कोच, मला आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही सुनावलंय. पण इतका अपमान कुणी केला नव्हता." मग तिची नजर डब्याकडे गेली. "गरम आहेत का ते?"

चार रोल संपेपर्यंत दोघी एकाच पडद्यापुढे बसल्या होत्या. मार्लीसने त्रेचाळीस गुणांचा सामना पुन्हा लावला आणि कुठल्या क्षणी कुठली पोर घाबरून चेंडू चुकीच्या हातात देते, ते एकेक करून दाखवलं. हीच दुबळी ठिकाणं तिने डिसेंबरमध्ये आपल्या मुलींना शिकवली होती. आता तीच ठिकाणं बुजवायला ती शिकवत होती.

"खरी अडचण वेगळीच आहे," टेसा म्हणाली. "ब्रिन. चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी माझी मुलगी. पहिल्या वर्षाची आहे. तुमच्याकडे तिचे सहा फ्री थ्रो चुकले आणि दुसऱ्याच दिवशी तिने संघ सोडला. म्हणते, दुसऱ्या रांगेत एक म्हातारा होता. प्रत्येक फ्री थ्रोच्या आधी तो ओरडायचा, 'आता चुकण्याची शक्यता एक्क्याऐंशी टक्के!' आणि पोर खरंच चुकायची."

मार्लीसने डोळे मिटून घेतले. असा म्हातारा अख्ख्या आयोवा राज्यात एकच होता, आणि तो तिच्या घरी ओटमील खायचा.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिलला तिने मानेला धरूनच पुलापलीकडे नेलं. ब्रिन बोलिंगच्या क्लबात बूट भाड्याने द्यायची. व्हर्जिल टोपी हातात घेऊन काउंटरपुढे उभा राहिला.

"पोरी, मी चुकलो. ओरडलो म्हणून तर चुकलोच, पण हिशेबातही चुकलो. मोसमातल्या मोजक्या थ्रोंवरून टक्केवारी काढायची नसते. नमुना फार लहान होता."

ब्रिनने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "काका, तुम्ही माफी मागताय की शिकवताय?"

"मला दोन्ही एकदमच येतं," व्हर्जिल म्हणाला.

त्या मुलीला संख्याशास्त्रात नापास व्हायची भीती होती हे तासाभरात उघड झालं. दर मंगळवारी व्हर्जिलने तिची शिकवणी घ्यायची आणि तिने संघात परत जायचं, असा तह झाला. घरी येताना व्हर्जिल इतका खुशीत होता की त्याने नदीपलीकडच्या दुकानातून चक्क वांगी घेतली.

ब्रिन परतली आणि मॅककिटरिक जिंकायला लागले. एक, दोन, मग ओळीने सहा. इकडे न्याहारीच्या टेबलावर आकडा चढू लागला. एकशे चाळीस, एकशे पाच, ब्याण्णव. पण आता मार्लीसला तेवढ्याने चैन पडेना. मॅककिटरिकचा सामना रेडिओवर ऐकायचा तर आपल्याच कॉलेजात ऐकणार कसा? म्हणून ती गाडीत बसून, काचा वर करून ऐकायची. एका शनिवारी दुपारी ब्रिनने शेवटच्या सेकंदाला बास्केट केलं आणि मार्लीसने आनंदाच्या भरात हॉर्नवर दोन्ही मुठी हाणल्या. काचेबाहेर मुख्य कोच रॉक्सॅन पिल्चर उभी होती.

"कोण जिंकलं?" रॉक्सॅनने विचारलं. तिचा साधा आवाजही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा होता.

"मॅ... मॅककिटरिक."

"आणि तू हॉर्न वाजवतेस? मार्लीस, तुला ताप आहे का?"

मार्लीसने सगळं सांगून टाकलं. रॉक्सॅन आधी लाल झाली, मग पांढरी झाली, मग शेजारच्या सीटवर येऊन बसली. "एवढं सगळं एकटीने करतेस? मला सांगायला काय झालं होतं तुला?" तिने रेडिओचा आवाज वाढवला. "त्यांचा पुढचा सामना कधी आहे?"

रॉक्सॅनला कळलं म्हणजे गावाला कळलं. पुढच्या शनिवारी एल्म फोर्डच्या चौदा गाड्या पूल ओलांडून गेल्या. सगळ्यांनी करडे स्वेटर घातले होते, कारण हिरवं घालून टाळ्या वाजवणं बरं दिसलं नसतं आणि जांभळं कुणाकडे नव्हतंच. "टाळ्या वाजवा, पण हसू नका," अशी ताकीद रॉक्सॅनने बसल्या बसल्या सगळ्यांना दिली. पूर्वार्धात ती पाळली गेली. उत्तरार्धात व्हर्जिल उभा राहून ओरडला, "ब्रिन, शक्यता अठ्ठ्याऐंशी टक्के! जाणार!" आणि चेंडू खरोखरच आत गेला. मग हसण्यावर कुणाचाच ताबा राहिला नाही.

या सगळ्या धामधुमीत एक किरकोळ गोष्ट नजरेआड झाली. फेब्रुवारीत एल्म फोर्ड लागोपाठ तीन सामने हरले.

तिसऱ्या पराभवानंतर ओडेसा मार्लीसच्या खोलीत आली. "कोच, ब्रिनचा डावा हात कसा सुधारला ते तुम्ही आम्हाला काल वीस मिनिटं सांगत होतात," ती शांतपणे म्हणाली. "माझा घोटा आठवडाभर दुखतोय. तुम्हाला माहीत आहे का?"

मार्लीसला माहीत नव्हतं. जिच्यासाठी एवढा आटापिटा चालला होता, तिच्याचकडे बघायला तिला सवड झाली नव्हती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिने ओडेसाला खुर्चीवर बसवलं, स्वतः गुडघ्यांवर बसली आणि घोट्याला बर्फ लावायला घेतला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात टेसा कोवालचिक उभी होती, काखेत लॅपटॉप, मागे ब्रिन.

"हे काय चालवलंय तुम्ही?" टेसा कडाडली. "तीन सामने हरलात! आमच्या वेळापत्रकाच्या कसाचं काय झालंय, आहे का कल्पना? अकरा जागा खाली आलो आम्ही, तुमच्यामुळे!"

"आमच्यामुळे?"

"मग कुणामुळे? कोच, आम्ही तुमच्याकडून त्रेचाळीस गुणांनी हरलो ते आम्ही मुकाट्याने सोसलं. पण ज्यांनी हरवलं, ते निदान बरे तरी दिसायला नकोत का? आता बसा आणि बघा." तिने लॅपटॉप उघडला. "तुमच्या बचावात डावीकडे एवढं मोठं भगदाड आहे. बैलगाडी जाईल त्यातून. आणि या सहा फुटी मुलीला तुम्ही दुखऱ्या पायाने चाळीस मिनिटं पळवता? लाज नाही वाटत?"

"आत्ताच वाटून झाली," मार्लीस म्हणाली.

ओडेसा पोट धरून हसत सुटली. ब्रिनने न विचारताच तिच्या घोट्यावरची बर्फाची पिशवी नीट धरली.

भगदाड बुजलं. ओडेसाला चार दिवस सक्तीची विश्रांती मिळाली. मोसमाचे उरलेले सामने एल्म फोर्डने जिंकले, मॅककिटरिकनेही जिंकले, आणि एकमेकांच्या खांद्यावर पाय ठेवत दोन्ही संघ वर चढले.

निवडीच्या दिवशी दुपारी एल्म फोर्डच्या भोजनगृहात मोठा पडदा लावला होता. मॅककिटरिकची मंडळी आमंत्रणाची वाट न बघता बस भरून आली होती. हिरवी आणि जांभळी जाकिटं एकाच खुंट्यांवर टांगली गेली, आणि चिली नावाच्या तिखट राजमा-रश्श्याच्या वाडग्यांभोवती सगळे मिळूनमिसळून बसले. एल्म फोर्डचं नाव झळकलं तेव्हा ओडेसाने मार्लीसला उचलून गरगर फिरवलं. मार्लीस हमसाहमशी रडली, आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

पण पडद्यावरच्या तक्त्यात एल्म फोर्डच्या नावाशेजारची चौकट अजून रिकामीच होती, आणि मॅककिटरिकचं नाव कुठेच आलं नव्हतं. चमचे वाडग्यांतच राहिले. मार्लीसने टेसाचा हात घट्ट धरला. रॉक्सॅन डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

"आता ते आले काय, न आले काय," व्हर्जिल कुजबुजला. "आपलं गणित संपलंय. त्यांच्या येण्याने आपल्याला काहीच फायदा नाही."

"गप्प बस," मार्लीस म्हणाली, आणि बघते तर तोही बोटं एकमेकांत गुंफून बसला होता.

नाव आलं. मॅककिटरिक! गावात साठ वर्षांत ऐकू आला नसेल असा जल्लोष झाला. हिरव्यांनी जांभळ्यांना मिठ्या मारल्या, व्हर्जिलने ब्रिनचे दोन्ही हात धरून उड्या मारल्या, रॉक्सॅनने टेबलावर चढून टाळ्या पिटल्या.

नाव नक्की कुठे आलंय, ते सर्वांत आधी ओडेसाला दिसलं. मग ब्रिनला. लहान कॉलेजांच्या स्पर्धेत लांबचा प्रवास नको म्हणून पहिल्या फेरीत शेजारशेजारचे संघच एकमेकांपुढे टाकतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. आकड्यांच्या नादात आठवण कुणालाच राहिली नव्हती. रिकामी चौकट भरली होती: एल्म फोर्ड विरुद्ध मॅककिटरिक, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच.

मिठ्या सुटल्या. कुणीतरी घसा खाकरला. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, आधी एक, मग दहा, आणि बघता बघता खोलीच्या मधोमध ऐसपैस वाट तयार झाली. टेसाने मार्लीसच्या हातातून आपला हात अलगद सोडवून घेतला, लॅपटॉप मिटला आणि तो छातीशी धरून उठली.

"कोच," ती अत्यंत आदराने म्हणाली, "आमच्याबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे, ते तुम्ही विसरून जाल ना?"

"अगदी," मार्लीसने गोड हसून सांगितलं. "तूही विसर हं."

आणि दोघीही पाठ फिरताच कागद-पेन शोधायला लागल्या.